परतीच्या पावसात भिजलेला मका, दाण्यांवर हिरवी भुकटी : गाईंना भरडा द्यावा का?

घोडकाठ_शिरूर
नमस्कार मंडळी. शिरूर तालुक्यातला खरिपाचा मका आहे. कणसं मोडून ढीग घातला आणि परतीच्या पावसाने गाठलं. पाऊस उघडेपर्यंत ढीग ताडपत्रीखाली होता, मग मळणी केली. आडतीवर मॉइश्चर १८ निघालं, कटती (ओलीपायी वजनात कपात) फार सांगितली, म्हणून माल घरीच ठेवला. ४५ पोती आहेत, ५०-५० किलोची. आता पोत्यात हात घातला की उबदार लागतं, कुबट वास येतो. काही दाण्यांच्या टोकाशी पिवळसर हिरवी भुकटी आहे, काहींवर पांढऱ्या रेघा, थोडे गुलाबी, अधूनमधून काळे.

गोठ्यात बारा संकरित गाई, सरासरी दूध १५ लिटर. रोज गाईमागे या मक्याचा २ किलो भरडा आणि २ किलो सरकी पेंड चालू आहे. संकलन केंद्रावर ‘दुधात एम वन (खाद्यातल्या बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप) जास्त येतंय’ एवढंच सांगितलं, आकडा दिला नाही.

विचारायचं असं : यातली विषारी बुरशी कोणती? ऊन देऊन, धुऊन किंवा भाजून ती जाते का? पुण्यात तपासायचं तर नमुना कसा काढायचा? आणि बाइंडर (विष धरून ठेवणारी, खाद्यात मिसळायची भुकटी) घालून हा मका गाईंना चालेल, की विकून टाकावा?

दाणापारख
भाऊ, पोतं गरम लागतंय ना, मग बाकीची चर्चा नंतर. आज संध्याकाळच्या आत सगळी पोती रिकामी करा. गरम पोतं म्हणजे आत बुरशी आणि दाणा दोघांचा श्वास चालू आहे. त्यातून पाणी आणि उष्णता सुटते, ओल वाढते, बुरशीला आणखी बळ मिळतं. १८ टक्के ओलीचा मका पोत्यात भरून थप्पी लावली की हेच होतं. थप्पीच्या मधल्या आणि भिंतीला टेकलेल्या पोत्यांची आधी खबर घ्या. जी पोती जास्त खराब दिसतात ती चांगल्यात ओतू नका, वेगळी वाळवा.

स्वच्छ ताडपत्रीवर ४-५ सेंटिमीटर जाडीचा थर द्या, त्याहून जाड नको. तासाभराने दाताळ्याने उलथत राहा. ऊन कलायच्या आत गोळा करून झाका, कारण या दिवसांत रात्रीचं दव दिवसभराची मेहनत परत ओली करतं. नोव्हेंबरचं कोरडं ऊन मिळालं तर दोन-तीन दिवसांत १३ च्या खाली येईल. मीटरला मका गार झाल्यावरच लावा, गरम दाणा चुकीचा आकडा देतो. तीन वेगवेगळ्या जागचा दाणा घ्या आणि मीटर मक्याच्या मापावर आहे ना तेही बघा. आडतीवर कधीकधी सोयाबीनच्या मापावर ठेवलेलं मीटर तसंच पुढे चालतं.

मीटर नसेल तर मिठाची बाटली. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि तव्यावर कोरडं केलेलं चमचाभर मीठ घालून दीड-दोन मिनिटं जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ च्या वर आहे. नाही चिकटलं तर १५ च्या खाली, एवढंच कळतं. १२-१३ झालं की नाही हे त्यावरून ठरवू नका.

आता रंग. पिवळसर हिरवी, जुनी झाल्यावर शेवाळी दिसणारी भुकटी म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस. अफ्लाटॉक्सिन हे विष करणारी हीच. दाण्याच्या अंकुराशी किंवा किडीने पोखरलेल्या जागी आधी बसते. काजळीसारखी काळी भुकटी बहुधा ॲस्परजिलस नायजर, ती अफ्लाटॉक्सिन करत नाही, पण ती दिसली म्हणजे दाणा फुटका-ओला होता हे नक्की. दाण्याच्या माथ्यापासून खाली उतरणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा आणि फिकट गुलाबी बुरशी ही फ्युजेरियमची खूण, तिचं विष फ्युमोनिसिन. अंकुराच्या जागी निळसर हिरवा ठिपका दिसला तर पेनिसिलियम. तुमच्या पोत्यात पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही दिसतायत.

मात्र रंगावरून विषाचा निकाल लावू नका. प्रत्येक फ्लेव्हस विष करतेच असं नाही, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं. बुरशी मेली तरी विष जागच्या जागी राहतं.

मावळातला_बाळू
आमच्याकडे असा मका धुऊन कडक उन्हात टाकतात, जरा चुन्याची निवळी मारतात. वास जातो. जनावरं आवडीने खातात. एवढं काय घाबरायचं?

दाणापारख
बाळूशेठ, वास जातो, विष राहतं. अफ्लाटॉक्सिन तुटायला अडीचशे अंशाच्या आसपास तापमान लागतं. उन्हात ताडपत्री फार तर साठ अंशाला जाईल. दूध उकळून किंवा पाश्चराइझ करूनही एम वन जात नाही, ते याच कारणाने. चुन्याने काही प्रमाणात रेणू मोडतो, पण पोटातल्या आम्लात त्यातला बराचसा पुन्हा जुळतो. आणि १८ टक्क्यांचा मका धुणं म्हणजे वाळवायचं काम दुप्पट करून घेणं.

वासावर जाणंही बरोबर नाही. कुबट वास बुरशीचा असतो, अफ्लाटॉक्सिनला वासही नाही आणि चवही नाही. जनावर आवडीने खातं म्हणून माल चांगला, हा हिशोब इथे लागू पडत नाही.

गोठा_डॉक्टर
दादा, दुधाचं गणित मांडून बघू, म्हणजे शोध कुठे घ्यायचा ते कळेल.

गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ (या विषाचा मुख्य प्रकार) पैकी साधारण १ ते २ टक्के दुधात एम१ होऊन उतरतं. जास्त दुधाच्या गाईत हे ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. दुधासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. (युरोपात ०.०५ आहे, म्हणजे आपल्या दहावा हिस्सा.) आता १५ लिटर दूध धरा. मर्यादा गाठायला दुधात ७.५ मायक्रोग्रॅम एम१ लागेल. २ टक्क्यांनी उलटं काढलं तर गाईच्या पोटात रोज ३७५ मायक्रोग्रॅम बी१ जायला हवं. तुमच्या एकट्या २ किलो भरड्यातून एवढं जायला मक्यात १८० पीपीबीच्या पुढे विष हवं. (एक पीपीबी म्हणजे किलोमागे एक मायक्रोग्रॅम.) मक्यात तेवढं निघू शकतं, अशक्य नाही, पण माझा संशय अर्धा पेंडीवर आहे. सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड या दोन्ही अफ्लाटॉक्सिनसाठी बदनाम आहेत, आणि पेंडीचा ढेपा ओला झाला की आतून हिरवा होतो, बाहेरून कळतही नाही. म्हणून एकटा मका तपासू नका. मका, पेंड आणि दूध असे तिन्ही नमुने एकाच वेळी पाठवा.

तोवर भरडा आणि सध्याची पेंड दोन्ही बंद. शंका असलेला खुराक थांबवला की तीन-चार दिवसांत दुधातलं एम१ जवळपास उतरतं. चढतंही तसंच झटपट, खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत. याचा उपयोग करून घ्या : पाच दिवस दोन्ही बंद ठेवून दूध तपासा. मग एकच वस्तू सुरू करून चौथ्या दिवशी पुन्हा तपासा. दोषी आपोआप सापडतो. दूध वाढेल-कमी होईल, पण आठवड्याने मरत नाही कोणी. ऊर्जेसाठी तपासलेलं तयार पशुखाद्य वापरा. आयएस २०५२ या भारतीय मानकानुसार गाईम्हशींच्या तयार खाद्यात बी१ ची कमाल २० पीपीबी, पोत्यावर आयएसआयची खूण बघा. हे नवं खाद्य एकदम पूर्ण मात्रेत देऊ नका, निदान दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोट बिघडायचं.

बाइंडरबद्दल. बेंटोनाइट किंवा एचएससीएएस जातीची माती अफ्लाटॉक्सिनला चांगली धरते. चाचण्यांत ती खाद्याच्या ०.५ टक्के, म्हणजे टनाला ५ किलोच्या आसपास वापरली जाते. पण त्याने एम१ निम्म्याच्या आसपास उतरतं, शून्य होत नाही. फ्युमोनिसिनला आणि झिअरालेनोनला (फ्युजेरियमचंच दुसरं विष) ही माती फारशी लागू पडत नाही, तिथे यीस्टच्या भिंतीपासून केलेले वेगळे बाइंडर लागतात. आणि वरून मूठभर भुरभुरून काही होत नाही, खाद्यात एकजीव मिसळावी लागते. थोडक्यात बाइंडर चांगल्या मालातल्या थोड्या दोषासाठी आहे. हिरवा पडलेला मका खपवायला तो घेतला तर पैसे आणि गाय दोन्ही जातील.

वासरं आणि गाभण गाई यांना तर मुळीच नको. वासराचा कोठा तयार झालेला नसतो, विष सरळ यकृतावर जातं. मोठ्या गाईत लक्षणं अशी एकदम उठून दिसत नाहीत : खाणं मंदावतं, दूध हळूहळू उतरतं, केस राठ होतात, शेण पातळ राहतं, आणि कासदाह किंवा गोचीडताप वारंवार होतो कारण प्रतिकारशक्ती खचलेली असते. लसही नीट काम करत नाही.

आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. जुन्नर-आंबेगाव-खेडकडे बैलगाडा शर्यतीसाठी घोडी बाळगतात, त्यांच्या दावणीत हा पांढऱ्या रेघांचा मका चुकूनही पडू देऊ नका. फ्युमोनिसिनने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग विरघळतो. घोडी अडखळते, आंधळ्यासारखी भिंतीला डोकं टेकवते आणि दोन-तीन दिवसांत जाते. उपचार नाही. अमेरिकेत घोड्यांसाठी मक्यात फ्युमोनिसिनची मर्यादा ५ पीपीएम (५००० पीपीबी) ठेवली आहे, इतर जनावरांहून कितीतरी कडक. डुकरांत तेच विष फुप्फुसात पाणी भरतं. गाई-म्हशी फ्युमोनिसिन बऱ्यापैकी सोसतात, म्हणून ‘गाईला काही झालं नाही’ हा घोड्यासाठी पुरावा नव्हे.

घोडकाठ_शिरूर
डॉक्टरसाहेब, दाणापारख भाऊ, आभार. पोती ओतली, वाळवण चालू आहे. दोन गोष्टी सांगा. नमुना किती न्यायचा? एका पोत्यातून ओंजळभर नेला तर चालेल ना? आणि वाळल्यावर चाळून हिरवे दाणे निवडले तर मका वाचेल का?

दाणापारख
ओंजळभर अजिबात नको. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, आणि कोणी मुद्दाम न करता होते. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारातले दोन-चार दाणेच प्रचंड विषारी असतात. समजा ०.३ ग्रॅमच्या एका दाण्यात १ लाख पीपीबी आहे. (एकेका दाण्यात याहूनही जास्त आढळलेलं आहे.) म्हणजे त्या एका दाण्यात ३० मायक्रोग्रॅम विष. तो एक दाणा तुमच्या किलोभर नमुन्यात आला तर निकाल ३० पीपीबी, नाही आला तर शून्य. माल तोच!

म्हणून असं करा. वाळवणाच्या थरातून किंवा पोत्यांतून काढायचं तर वर-मध्ये-खाली, कडेचं-मधलं अशा पन्नासेक जागांहून शंभर-शंभर ग्रॅम घ्या. पोत्यातून घेताना नमुना काढायची लोखंडी नळी वापरा, वरचा हातभर दाणा घेऊ नका. एकूण ५ किलो होऊ द्या. हा पाचही किलो दळायचा, रव्यापेक्षा जाड ठेवायचा नाही. आधी चक्कीत जुना चांगला मका टाकून ती साफ करा, आणि नंतरही. ज्या चक्कीवर घरची भाकरी-कण्या दळता ती वापरूच नका. दळलेलं पीठ ताडपत्रीवर उलथपालथ करून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन उचला, बाकीचे बाजूला. पुन्हा पसरा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू द्या. कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बुरशी आणखी वाढते. पेंडीचंही असंच, निरनिराळ्या गोणींतून. दुधाचा सकाळ-संध्याकाळचा मिळून पाव लिटर, बर्फात.

पुण्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा बऱ्याच आहेत. फोनवर आधी विचारा की अफ्लाटॉक्सिनची चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का, नुसती ‘एनएबीएल’ पाटी पुरेशी नाही. मक्यासाठी ‘अफ्लाटॉक्सिन बी१ आणि एकूण’ व ‘फ्युमोनिसिन बी१+बी२’ अशी मागणी लिहून द्या. तपासणीची स्ट्रिप (रंगपट्टी) स्वस्त आणि झटपट असते, पण रीडरशिवायची स्ट्रिप फक्त अमुक मर्यादेच्या वर की खाली एवढंच सांगते. दुधावरून वाद व्हायचा असेल तर एलायझा किंवा एचपीएलसीचा लेखी आकडा हवा.

निळ्या टॉर्चचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत भरडलेल्या दाण्यावर धरला की फ्लेव्हस लागलेल्या जागी झगझगीत हिरवट पिवळा प्रकाश दिसतो. तो विषाचा नसतो. त्याच बुरशीच्या कोजिक आम्लातून तयार झालेल्या पदार्थाचा असतो. अंकुराचा निळसर पांढरा प्रकाश धरू नका, तो निरोगी दाण्यातही असतो. अख्ख्या दाण्यावर बहुतेक वेळा काही दिसत नाही, आधी फोडावा लागतो. जुन्या मालात ही चमक काही आठवड्यांत विरते. म्हणून चमक दिसली तर प्रयोगशाळेत जा, न दिसली तरी निश्चिंत होऊ नका.

चाळण्याने मात्र खरंच फरक पडतो. फुटके दाणे, चुरा, धूळ यात विष जास्त साठतं, कारण बुरशी तिथून आत शिरते. ४-५ मिलिमीटरच्या गोल भोकाच्या चाळणीतून चुरा काढा, मग वारं द्या म्हणजे पोकळ हलके दाणे उडतील. फ्युमोनिसिन यातून बऱ्यापैकी कमी होतं, अफ्लाटॉक्सिनही होतं पण भरवसा धरू नका. चाळल्यावर पुन्हा पाच किलोचा नमुना, पुन्हा तपासणी. चाळताना एन९५ मास्क लावा, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये. आणि तो चुरा कोंबड्यांना टाकू नका! बदकं आणि पिल्लं या विषाला सगळ्यात आधी बळी पडतात.

आडत_गुलटेकडी
व्यापाराच्या बाजूने थोडं. सरकारी खरेदीत मॉइश्चर १४ पर्यंतच चालतं, त्यावर गाडी परत. कटतीला लोक वैतागतात, पण वजनाचा हिशोब करून बघा. १८ टक्क्यांचा १०० किलो मका १२ टक्क्यांवर आणला तर ९३ किलो भरतो, ८२ भागिले ८८. म्हणजे ७ टक्के घट ही तशीही पाण्याचीच होती. आडतीवर त्याहून जास्त कापत असतील तर वाळवणं परवडतं, कमी कापत असतील तर ओला विकणं परवडतं. शेतकऱ्याने मळणीच्याच दिवशी हे ठरवावं, १० दिवस पोत्यात ठेवून नव्हे.

हिरवा पडलेला मका मात्र ‘चांगल्यात मिसळून खपवा’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माणसाच्या खाण्याच्या धान्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १५ पीपीबी आहे. एक घाण पोतं नऊ चांगल्यांत मिसळलं की दहाही अडकतात.

इथेनॉलला देऊ म्हणाल, तर तिथेही विष संपत नाही. स्टार्चचं मद्य होतं, विष मागे राहतं, आणि चोथ्यात म्हणजे डीडीजीएसमध्ये ते सुमारे तिप्पट दाट होतं. तो डीडीजीएस फिरून कोंबड्यांच्या आणि गाईंच्या खाद्यात येतो. डीडीजीएस घेणाऱ्या गोठेवाल्यांनीही त्याचा अहवाल मागावा, पेंडीपेक्षा स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये.

मकवान_प्रेमी
मधेच विचारतो. आमच्या मक्याच्या पानांवर लांबट राखाडी चट्टे आलेत, विडीसारखे लांब. मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा) करायचा आहे. विष होईल का?

वनस्पतीरोग_ताई
तो टर्सिकम करपा. थंड, दमट हवेत, पुण्याकडे रब्बीला हमखास. पानाचा रोग आहे, दाण्यात विष करत नाही. तांबेऱ्याचंही तेच. पण करप्याने झाड लवकर वाळतं, म्हणून मुरघासाला थांबू नका, ओल ६५-७० टक्के असेपर्यंत कापा. वाळलेलं मकवान दबत नाही, हवा राहते आणि खड्ड्यात बुरशी धरते, खरा धोका तो. तुकडा १-२ सेंटिमीटरचा ठेवा, ट्रॅक्टरने थराथराने दाबा, उघडल्यावर रोज निदान १५ सेंटिमीटर तोंड कापून काढा. बुरशी धरलेला भाग दिसेल तेवढाच नको, आजूबाजूचा हातभर टाकून द्या. फवारायचं असेल तर चट्टे खालच्या पानांवर असतानाच मॅन्कोझेब ७५ टक्के २.५ ग्रॅम प्रति लिटर, किंवा ॲझॉक्सिस्ट्रॉबिन १८.२ + डायफेनोकोनॅझोल ११.४ हे १ मिली प्रति लिटर. चाऱ्यासाठी कापायला किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा.

आता मूळ विषयावर. घोडकाठ दादा, पुढच्या हंगामासाठी. पानावर बुरशीनाशक मारून अफ्लाटॉक्सिन थांबत नाही, हे आधी मनातून काढा. फ्लेव्हसचे बीजाणू कणसाच्या केसांवर पडतात आणि केसांतून दाण्यापर्यंत उतरतात. तुरा आणि केस निघायच्या काळात पाण्याचा ताण आणि ३०-३५ अंशांची उष्णता असली की तिला रान मोकळं. फ्युजेरियमला उलट केस आल्यानंतरची ओली हवा आवडते. म्हणजे ऑगस्टमध्ये उघडीप आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस, हा शिरूरकडचा नेहमीचा क्रम दोघींनाही सोयीचा. म्हणून उघडीप लांबली तर केस निघताना एक आणि दाणा भरताना एक पाणी द्याच. हे पाणी उत्पादनाइतकंच विषाच्या दृष्टीने लाखमोलाचं आहे.

दुसरं दार लष्करी अळीचं. ती २०१८ मध्ये आपल्याकडे आल्यापासून कणसाचं टोक फोडणं वाढलंय. फोडलेल्या टोकातून बुरशी सरळ आत. कणसात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, तिला पोंग्यातच (शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) गाठा : इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ०.४ ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के ०.४ मिली प्रति लिटर, पोंग्यात धार जाईल असं. एकच औषध लागोपाठ नको. वाण निवडताना कणसावरचं आवरण टोकाच्या पुढे जाऊन घट्ट मिटतं का आणि पक्व झाल्यावर कणीस खाली झुकतं का ते बघा. उभ्या कणसात पाणी साचतं, झुकलेल्यावरून निथळतं.

मग काढणी. दाणा उपटून त्याच्या बुडाशी नख मारा. काळा थर दिसला की दाणा भरून झाला, तेव्हा ओल ३०-३५ टक्के असते. त्यापुढे शेतात उभं ठेवल्याने वजन वाढत नाही. पाऊस नसेल तर २० पर्यंत उतरू द्या. पावसाचा अंदाज असेल तर २५-३० लाच मोडा, पण मोडलेली कणसं ढिगात घालून ताडपत्री पांघरू नका. ओल्या ढिगावर ताडपत्री म्हणजे आतली वाफ आतच. कणसं सोलून शेडमध्ये पातळ पसरा किंवा बांबू-जाळीचा अरुंद कोठा करा, रुंदी ६० सेंटिमीटर ते फार तर एक मीटर, लांब बाजू वाऱ्याला आडवी, तळ जमिनीपासून वर. छप्पर पत्र्याचं, बाजू उघड्या. मळणीआधी किडलेली, टोक हिरवं-गुलाबी झालेली कणसं हाताने बाजूला काढा. एक कणीस वेगळं काढायला एक सेकंद लागतो, मळल्यावर त्याचे चार-पाचशे दाणे शोधायला जन्म जाईल. मळणी १८ च्या खाली आल्यावरच करा. त्याआधी दाणा फुटतो, आणि यंत्राचा वेग जास्त असला तर वाळलेलाही फुटतो.

हे सगळं उगाचचं वाटत असेल तर लक्षात ठेवा, १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच भिजलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि १०६ माणसं दगावली. १९९५ मध्ये आपल्याच दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्रच्या गावांत, पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्यातल्या फ्युमोनिसिनने पोटदुखी आणि हगवण लागली होती.

घोडकाठ_शिरूर
अहवाल आला. मका वाळून १२.५ वर आणि चाळून : अफ्लाटॉक्सिन बी१ ४० पीपीबी. सरकी पेंड : १६० पीपीबी. दोन्ही चालू असताना घेतलेल्या दुधात ०.५ च्या जरा वर. आता?

गोठा_डॉक्टर
आकडे एकमेकांशी जुळतात बघा. मक्याचे ८० आणि पेंडीचे ३२०, मिळून रोज ४०० मायक्रोग्रॅम. २ टक्के म्हणजे ८, भागिले १५ लिटर, ०.५३. पाचातले चार हिस्से पेंडीचे आहेत. उरलेली पेंड दुकानदाराला अहवालाची प्रत देऊन परत करा, पावती आणि गोणीवरचा बॅच नंबर जपून ठेवा. पुढची पेंड लहान लॉटने घ्या, फोडून आतला रंग बघा, लाकडी फळीवर भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा आणि महिन्याच्या आत संपवा.

४० पीपीबीचा मका माणसाच्या खाण्यात नको, वासरांना-गाभण गाईंना नको, कोंबड्यांना नको. दुभत्या गाईंनाही मी तो देणार नाही, जरी गणितात एकटा मका मर्यादेच्या आत बसत असला तरी. कारण ४० हा सरासरी आकडा आहे, एखाद्या पोत्यात तो २०० निघेल. दाणापारख भाऊ, भाकड आणि मोठ्या कालवडींसाठी काही मार्ग आहे का?

दाणापारख
आहे, पण अटी आहेत. पोती वेगवेगळ्या चिठ्ठीने ठेवली असतील तर सुरुवातीला बाजूला काढलेली खराब पोती वेगळी तपासा. बहुतेक वेळा विषाचा मोठा भाग त्या थोड्याच पोत्यांत निघतो. ती काढून उरलेल्याचा निकाल २० च्या खाली आला तर गाभण नसलेल्या भाकड जनावरांना रोज किलोभर, बाइंडर एकजीव करून.

खराब पोत्यांचा मका शेतात उघडा टाकू नका, पाखरं आणि डुकरं खातात, शिवाय बीजाणू पुढच्या पिकाला तयार राहतात. गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून, वर निदान दोन फूट माती येईल असा पुरा. त्या पोत्यांत पुन्हा धान्य भरू नका. चांगला माल नव्या पोत्यांत भरा, आणि १२-१३ वर आहे तोवरच हवाबंद पिशवीत घाला. ओला माल हवाबंद केला तर आत पाणी सुटून खालचा थर कुजतो. दर पंधरा दिवसांनी थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घाला. सोंडे किडे दिसले तर आधी त्यांचा बंदोबस्त, कारण किडा श्वास घेतो तसतशी ओल आणि ऊब वाढत जाते.

घोडकाठ_शिरूर
खराब पोती नऊ निघाली, वेगळी ठेवली आहेत, उद्या त्यांचा आणि उरलेल्याचा असे दोन नमुने देतो. दुकानदार पेंड बदलून द्यायला तयार झालाय. नव्या लॉटचाही अहवाल मागितला आहे.